होडीचा साचा : न लिहिलेल्या इतिहासाचे एक साधन

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. ही बहुतेक साधने ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांची आहेत. ज्यांच्या हाती करवत, रंधा आणि हातोडा होता, त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? तो त्यांनी घडविलेल्या वस्तूंत आणि त्या घडविण्याच्या अवजारांत शोधावा लागतो. उत्तर अमेरिकेतील ‘कनू’ या निमुळत्या, हलक्या होडीचा लाकडी साचा हे अशा साधनाचे बोलके उदाहरण आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. तेथील व शेजारच्या कॅनडातील पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मालिसीट, मिकमाक हे मूलनिवासी समाज ‘वाबानाकी’ या नावाने ओळखले जातात. त्यांची कनू बर्च झाडाच्या सालीची असे. गांधारातील प्राचीन बौद्ध हस्तलिखिते ज्या भूर्जाच्या सालीवर लिहिली गेली, त्याच जातकुळीचे हे झाड. साल जमिनीवर पसरून तिच्यावर लाकडी चौकट ठेवीत आणि दगडांचा भार देत. कडा वर वळवून खुंट्यांच्या आधाराने उभ्या करीत व काठाच्या पट्ट्यांना स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी शिवीत. सांधे डिंकाने बुजवीत. मग आतून सीडर लाकडाच्या पातळ पट्ट्या व शेवटी वाकविलेल्या फासळ्या ठोकून बसवीत. म्हणजे कातडी आधी आणि सांगाडा नंतर. या बांधणीत भरीव साचा नव्हता. होडीचा आकार कारागिराच्या नजरेत व हातात होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेनमध्ये सालीच्या जागी कॅनव्हासचे कापड आले. बँगोर येथील इव्हान गेरिश हा या नव्या होडीच्या आरंभीच्या व्यावसायिक बांधकऱ्यांपैकी एक. येथे बांधणीचा क्रम उलटा झाला. पालथ्या होडीच्या आकाराचा भक्कम लाकडी साचा तयार करण्यात येऊ लागला. ज्या ठिकाणी फासळी यावयाची, तेथे साच्यावर धातूची पट्टी जडविलेली असे. वाफेने मऊ केलेली, सुमारे ८ मिलिमीटर जाडीची फासळी त्या पट्टीवरून वाकवीत. तिच्यावर सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या फळ्या बारीक पितळी खिळ्यांनी ठोकीत. खिळ्याचे टोक धातूवर आपटून मागे वळे आणि लाकडात घट्ट रुते. सांगाडा साच्यावरून उतरविल्यावर त्यावर कॅनव्हास ताणून बसवीत, त्याची छिद्रे लेपाने भरून वाळू देत आणि मग रंग देत. एका साच्यावर एकाच आकाराच्या कितीतरी होड्या निघू लागल्या.

संशोधकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. धातूच्या पट्ट्या पक्क्या असल्यामुळे फासळ्यांची संख्या व त्यांमधील अंतर साच्याने ठरते. म्हणून दोन जुन्या होड्यांची ही मापे, लांबी आणि मधल्या भागाची गोलाई ताडून पाहिली, तर त्या एकाच साच्यावरील असाव्यात की नाही याचा अंदाज बांधता येतो. ओल्ड टाऊन येथील कारखान्याच्या होड्यांवर क्रमांक कोरलेले असून त्यांच्या नोंदपत्रांवर लांबी, प्रकार, रंग व पाठवणीचे ठिकाण मिळते. पण कागद साच्याची सारी कथा सांगत नाही. साचे विकले जात आणि हस्तांतरित होत. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील चेस्टनट कंपनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली व तिचे साचे वेगवेगळ्या बांधकऱ्यांकडे गेले. त्यामुळे होडीवरील नाव एकाचे आणि आकार दुसऱ्याचा, असेही घडते.

याच चेस्टनट कंपनीने १९०५ साली कॅनडात कॅनव्हासच्या कनूचे पेटंट घेतले. ती पद्धत तेव्हा मेनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ रूढ होती आणि तिच्या मुळाशी वाबानाकींचे ज्ञान होते. ओल्ड टाऊन हे गाव पेनॉब्स्कॉट लोकांच्या बेटासमोर, नदीच्या काठी वसले आहे. तेथील कारखान्याच्या आरंभीच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द होता. ज्ञान एका समाजाचे, साचा कारखानदाराचा आणि पेटंट तिसऱ्याचे, असा हा व्यवहार झाला. हातातील कौशल्य एकदा साच्यात उतरले की साच्याचा मालक हाच त्या ज्ञानाचा मालक समजला जातो.

या विस्मृतीला छेद देणारे कामही झाले. एडविन टॅपन ॲडनी याने १८८७ पासून न्यू ब्रन्सविकमधील मालिसीट कारागिरांकडून सालीच्या कनूची बांधणी शिकून घेतली, आयुष्यभर टिपणे काढली आणि शंभरांहून अधिक प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार केल्या. त्याच्या निधनानंतर हॉवर्ड चॅपेल याने ती टिपणे सिद्ध केली व १९६४ साली स्मिथसोनियन संस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ॲडनीने कारागिराला गुरू मानले, म्हणून ते ज्ञान टिकले.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, इतिहासाच्या साखळीतील दुवे हरवले असता संशोधकाने काय करावे याचा विचार मांडला आहे. उपलब्ध पुराव्याच्या आधारे तर्क व कल्पकता वापरून दुवा जोडणे हे इतिहासकाराचे कामच आहे, अशी त्यांची भूमिका आहे. फासळ्यांमधील अंतर मोजून होडीचे कुळ शोधणारा संशोधक हेच करतो. ‘एहिपस्सिको’, या आणि स्वतः पाहा, हा धम्माचा बाणाही यापेक्षा वेगळा नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. जातीने लादलेल्या धंद्यांचा गौरव करावा, असे आम्ही म्हणत नाही. त्या बेड्या तुटल्याच पाहिजेत. परंतु बेडी तोडताना आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणे हाही अन्यायच होय. घरात जुनी रापी, करवत, साचा किंवा माप असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी त्याची मापे घ्या, छायाचित्र काढा, ते कोणी व कसे वापरले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज ती आहे. तिचा पहिला उपयोग त्यांची नावे लिहिण्यासाठी व्हावा.