घरपट्टी, व्यवसाय कर आणि हिशेबनीस

धर्माबाद हें नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेलें तालुक्याचें गांव. मिरचीच्या बाजाराबद्दल त्याची ख्याति आहे, आणि गांवापासून थोड्याच कोसांवर तेलंगण राज्याची हद्द लागते. १९५६ सालापूर्वी येथें अशी हद्द नव्हती; अलीकडचा व पलीकडचा मुलूख एकाच हैदराबाद राज्यांत होता. नातीं, सोयरीक आणि उधारी अजूनही ती हद्द ओळखीत नाहींत. कराचा कायदा मात्र ओळखतो. हें ज्या दुकानदारास ठाऊक नाहीं, तो आपल्या हिशेबनिसाच्या स्वाधीन डोळे मिटून होतो. म्हणून ह्या विषयाचा विचार आम्ही वाचकांबरोबर थोडक्यांत करूं इच्छितों.

प्रथम मोठा कर. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर, म्हणजे ज्यास बाजारांत सर्व लोक जी.एस.टी. म्हणतात तो, सुरू झाला. वाळलेल्या मिरचीवर तो शेंकडा ५ आहे. ओल्या मिरचीवर मुळींच नाहीं. धर्माबादच्या व्यापाऱ्यानें १०,००० रुपयांची वाळलेली मिरची नांदेडास पाठविली, तर २५० रुपये मध्यवर्ती सरकारचे व २५० महाराष्ट्र सरकारचे होतात. तीच पोतीं निजामाबादेस पाठविली, तर ५०० रुपयांचा एकच एकात्मिक कर लागतो. रक्कम तीच, पण पावतींत खाना चुकला कीं पुढें पत्रें येऊं लागतात. ओळख सोपी आहे: महाराष्ट्रांतील व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक २७ ह्या अंकानें आरंभ होतो, तेलंगणांतल्याचा ३६ नें. किरकोळ गिऱ्हाईक दुकानीं येऊन माल घेऊन गेलें व पावतीवर त्याचा पत्ता नसला, तर ती विक्री दुकानाच्या ठिकाणचीच धरितात.

"आमची उलाढाल ४० लाखांच्या आंत आहे, आम्हांस नोंदणी कशाला?" असें पुष्कळ दुकानदार म्हणतात. केवळ माल विकणारास, आणि तोही राज्याच्या आंतच विकणारास, हें म्हणणें बरोबर आहे. परंतु करपात्र माल एकदां जरी परराज्यांत पाठविला, तरी उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी लागते. तसेंच दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्यास शेंकडा १ भरून मोकळें होण्याची जी आपसमेळ योजना आहे, तींत शिरणारास हद्दीपलीकडे माल पाठवितां येत नाहीं, आणि गिऱ्हाइकापासून वेगळा करही घेतां येत नाहीं. लातुरांतल्या दुकानदारास ही योजना सोयीची वाटेल. धर्माबादच्यानें मात्र आपलें गिऱ्हाईक कोठें राहतें तें आधीं पाहावें. जो शेतकरी आपल्याच शेतांत पिकविलेली मिरची विकतो, त्यास त्या विक्रीपुरती नोंदणी लागत नाहीं.

दुसरा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील हजारों माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं, हें आमच्या वडीलधाऱ्यांस आठवतें. त्यांतून जी रोजगार हमी योजना पुढें आली, तिच्या खर्चाकरितां १९७५ सालीं हा कर बसला. राज्यघटनेनें त्याची मर्यादा एका माणसास वर्षाला २,५०० रुपये ठरविली आहे. दुकानदारानें आपला स्वतःचा कर भरावयाचा तो वेगळा, आणि नोकराच्या पगारांतून कापून भरावयाचा तो वेगळा. दोहोंचे नोंदणी क्रमांकही वेगळे. पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. ज्या स्त्रीचा पगार महिन्यास २५,००० रुपयांपर्यंत आहे तिला हा कर नाहीं, व ६५ वर्षांवरील माणसासही माफ आहे.

घरपट्टीच्या बिलाकडे तर लोक केवळ शेवटची रक्कम पाहतात. नगरपरिषदेच्या बिलांत नगरपरिषदेच्या स्वतःच्या करांशिवाय शिक्षण कर असतो. तो राज्य सरकारचा असून नगरपरिषद नुसता वसूल करिते. रोजगार हमी कर बिगर-राहत्या इमारतीवर असतो. राहत्या घराच्या बिलांत तो दिसला, तर एखादी खोली दुकान म्हणून लागली आहे काय, हें तत्काळ विचारावें. नवी आकारणी जाहीर झाली म्हणजे हरकतीची मुदत मिळते. ती गेल्यावर रागावून उपयोग नाहीं. खेड्यांत हेंच ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पाहावें. आणि पुष्कळ घरांत पेटींत जपून ठेविलेली घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानें अगर वारसानें येते.

आतां हिशेबनिसाविषयीं. आमच्या परिचयाचे एक किराणा दुकानदार होते. त्यांनीं नोंदणीच्या वेळीं हिशेबनिसाचाच मोबाइल क्रमांक दिला, परवलीचा शब्दही त्याच्यापाशींच. दर महिन्यास कराची रक्कम ते रोख देत व "भरलें" एवढें ऐकून परत येत. सहा महिने एकही विवरणपत्र गेलें नव्हतें. नोंदणी रद्द झाल्याची सूचना हिशेबनिसाच्या मोबाइलवर आली. मालकास ती ठोक व्यापाऱ्याकडून कळली, कारण त्यानें माल देण्याचें थांबविलें. विलंबशुल्क व व्याज दुकानदारानेंच भरलें. कायदा असेंच सांगतो: विवरणपत्र कोणीही भरो, त्याच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नांवें त्याची.

आम्हांस त्या माणसाच्या भोळेपणाचा राग येत नाहीं, कारण आपल्या लोकांत विश्वास म्हणजे न विचारणें असा समज आहे. पण विचारल्यानें चांगला हिशेबनीस रुसत नाहीं. मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, कर आपल्या खात्यांतून भरावा, आणि चलनाची प्रत मागावी. सरकारच्या संकेतस्थळावर कोणताही नोंदणी क्रमांक घातला कीं कोणत्या महिन्याचें विवरणपत्र गेलें तें दिसतें. घरांतील शाळकरी मुलगीही हें पाहून देईल. विक्री झाली नाहीं तरी विवरणपत्र भरावेंच लागतें, नाहींतर दिवसास २० रुपये चढत जातात.

लहान दुकानास सनदी लेखापालच हवा असें नाहीं. नोंदणी असलेला कर सल्लागार पुरतो. प्राप्तिकराच्या कायद्याप्रमाणें लेखापरीक्षण करावें लागतें, तेथें मात्र सनदी लेखापालावांचून चालत नाहीं. त्याची सभासदत्वाची संख्या विचारावी. त्यानें सही केलेल्या दाखल्यावर १८ अंकी ओळखक्रमांक असतो, व तो खरा कीं खोटा हें त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळतां येतें. "तुमचा कर निम्मा करून देतों, वाचेल त्यांत माझा वांटा" असें बोलणारापासून उठून यावें. मेहनताना आधींच ठरवून कागदावर घ्यावा. वह्या व पावत्या निदान सहा वर्षें आपल्याच कपाटांत असाव्या, हिशेबनिसाच्या नव्हे. आणि व्यवसाय कराची स्वतःची रक्कम दरवर्षीं ३० जूनच्या आंत भरावयाची असते, ती तारीख दुकानांतल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.