मनी बाहेर जाते तेव्हा...

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आलं की गप्पांचे विषय ठरलेले असतात. बॅकलॉग, मेसची भाजी आणि कुणाचं कुठं जुळलं! मागच्या सेमिस्टरला मात्र विषय निघाला मांजरांचा. आम्ही पाच जण होतो. अंबड, घनसावंगी, भोकरदन, परतूर अशी सगळी खेड्यातली पोरं. प्रत्येकाच्या घरी मांजर होतंच. मग ज्याने त्याने आपापल्या मांजराचं काय झालं ते सांगितलं. एक टेम्पोखाली गेलं, दोन कुत्र्यांनी फाडली, एक "गेलं ते आलंच नाही" आणि आमची मनी विषाने गेली. घरात सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं म्हणतात. पण म्हातारं होऊन मेलं असं आमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही.

मी हे घरी बोललो तेव्हा बाबा हसून म्हणाले, "आरं, मांजर काय म्हैस हाय का दाव्याला बांधायला?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे मांजर पाळतात ते उंदरांसाठी. ते फिरणारच, असं आपण धरून चालतो. पण ते कुठं फिरतं याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. म्हणून हा लेख.

रस्ता आणि कुत्री हे धोके सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर फार लिहीत नाही. एकच सांगतो. थंडीत मांजरं उबेसाठी गाडीच्या बॉनेटमध्ये किंवा चाकावर जाऊन बसतात. सकाळी जीप सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला काही खर्च येत नाही.

खरा गुपचूप मारणारा प्रकार म्हणजे उंदराचं औषध. बाजारात ब्रोमाडिओलोनच्या वड्या मिळतात. हे औषध शरीरातलं व्हिटॅमिन 'के'चं काम बंद पाडतं, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. गंमत अशी (गंमत कसली!) की उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो. सुस्त उंदीर मांजराला आयताच सापडतो आणि त्याच्या पोटातलं विष मांजराच्या पोटात जातं. आमच्या घरी औषध ठेवलंच नव्हतं, ते कुणाच्या तरी गोदामात ठेवलेलं असणार. मनी दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिली. "उन्हानं झालं असंल," असं आम्ही म्हणत राहिलो. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. यावर व्हिटॅमिन 'के' हाच उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. आम्हाला उशीर झाला होता.

कपाशीवरच्या फवारणीचंही तसंच. मांजर स्वतःला दिवसभर चाटून स्वच्छ ठेवतं. म्हणजे अंगाला जे लागलं ते पोटात गेलंच म्हणून समजा.

आता तुम्ही म्हणाल, मांजराचं जाऊ दे, आपल्याला काय? तर रेबीज फक्त कुत्र्याला होतो हा गैरसमज आहे. पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावलं तर मांजरालाही होतो, आणि ते मांजर रात्री आपल्याच गोधडीत येऊन झोपतं. अनोळखी किंवा आजारी मांजर चावलं, ओरखडलं तर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

आणि आता ती घटना, जिच्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहीर वापरात नव्हती, तिच्यात बायोगॅसची शेण-स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा... असे सहा जण उतरले. पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साईड आणि थोडा हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. हवेचं सरासरी रेणुभार 29, कार्बन डायऑक्साईडचा 44, हायड्रोजन सल्फाईडचा 34. म्हणजे हे दोन वायू खड्ड्यात तळाशी साचून राहतात आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. "वास येत नाही, म्हणजे गॅस नाही" हा अंदाज इथेच फसतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. पोहता येणं, ताकद असणं, काहीच उपयोगाचं नाही. मांजर पडलंच तर वरूनच दोरीला टोपलं किंवा लांब फांदी बांधून सोडायची, ते स्वतः चढू शकतं. नाहीच जमलं तर 112 ला फोन लावायचा. आत उतरायचं नाही, म्हणजे नाहीच.

मनी गेल्यावर आईने तिचंच पिल्लू ठेवलं. त्याची नसबंदी करून घेतली, तेव्हापासून बोक्याचं भटकणं बरंच कमी झालंय. दिवस मावळला की त्याला घरात घेऊन दार लावतो. पहिले आठ दिवस त्याने झोपू दिलं नाही!

आमच्या गोठ्यामागे गोबरगॅसचा जुना खड्डा आहे, वरची फरशी फुटलेली. दिवाळीत मी जालन्याहून आठ एमएमची सळई नेली आणि दोन-दोन इंचांवर वेल्डिंग मारून जाळी केली. पत्रा टाकून बंद करू, असं बाबा म्हणत होते. पण खाली स्लरी आहे, गॅस कोंडायला नको, म्हणून जाळीच ठेवली. मधून बोक्याचा पंजा जातो, डोकं जात नाही. तपासून पाहिलंय.