कर्करोगाचा दर चढतो, उतरतो, तेव्हा…

प्रश्न : अमेरिकेत १९७०च्या दशकात गर्भाशयाचा कर्करोग झपाट्याने वाढला आणि तसाच उतरला, असे वाचले. कर्करोगाचीही साथ येते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साथ नव्हती, गोळ्या होत्या. रजोनिवृत्तीच्या त्रासावर तिथे नुसते इस्ट्रोजेन सर्रास दिले जाई. त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते. डिसेंबर १९७५मध्ये दोन अभ्यासांनी त्यातून होणाऱ्या कर्करोगाचा धोका दाखवला. गोळ्यांचा खप घसरला आणि पाठोपाठ रुग्णही घटले. आता गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन देतात.

दर वाचताना मात्र एक गोम ध्यानात ठेवा. गर्भपिशवी काढलेल्या स्त्रीला हा कर्करोग होऊ शकत नाही, तरी हिशेबात सहसा तिलाही धरतात. त्यामुळे अशा शस्त्रक्रिया जिथे फार, तिथे दर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. (बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांत अशा शस्त्रक्रिया फार झाल्या, हे आठवा.) शस्त्रक्रिया कमी झाल्या की तोच दर वाढल्यासारखा भासतो. अर्थात सगळी वाढ भासच असते असे नाही; लठ्ठपणामुळे होणारी वाढ खरी आहे.

आकडे काहीही सांगोत, पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाला, अगदी एकदाच आणि थोडासा, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.