शस्त्रक्रियेपूर्वीं गांठीची ओळख

एम्. आर्. आय्. हें नांव आमच्या विद्यार्थ्यांस आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. नेरचा कोणी ना कोणी यवतमाळास, अमरावतीस अथवा नागपुरास जाऊन 'मशीनमध्यें निजून' आलेला असतोच. परंतु त्या काळ्यापांढऱ्या चित्रांवरून मेंदूंतील गांठ कोणत्या जातीची, हें डोक्यास शस्त्र लावण्यापूर्वींच ओळखतां येईल काय, या प्रश्नाचा शोध आपल्याच राज्यांत झाला आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल.

प्रथम यंत्राविषयीं. यांत क्ष-किरण मुळींच नसतात. शरीरांत पाणी विपुल, आणि पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन परमाणु. प्रबळ चुंबकाजवळ त्यांचीं केंद्रें चिमुकल्या होकायंत्रांप्रमाणें वागतात. रेडिओलहरींचा धक्का बसला कीं तीं ढळतात, व पूर्वस्थितीस येतांना स्वतः क्षीण लहरी सोडतात. त्यांवरून संगणक चित्र रचतो. पाण्याच्या कणांची हालचालही यांत टिपतां येते. आठवडी बाजाराच्या गर्दींत जसें पाऊल टाकणें कठीण, तसें दाट पेशींच्या गांठींत पाण्यास फिरणें कठीण; अशी जागा त्या चित्रांत उजळ दिसते.

मुलांच्या अनुमस्तिष्कांत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागील मेंदूंत, होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही दुष्ट गांठ अशीच दाट असते. सूक्ष्मदर्शकाखालीं एकच भासणाऱ्या या रोगाचे जनुकांवरून चार गट ठरले आहेत : विंट, सॉनिक हेजहॉग, तिसरा व चौथा. (दुसरें नांव मुलांच्या खेळांतील एका पात्राचें आहे. इतक्या गंभीर रोगास तें शोभत नाहीं, असें आम्हांस वाटतें.) विंट गटांतील बहुतेक मुलें उपचारानें वांचतात, तिसरा गट फार कठोर. वाढत्या मेंदूस किरणोपचार अधिक झाला तर मूल वांचूनही पुढें अभ्यासांत मागें पडतें. तेव्हां गट ओळखणें हा केवळ पांडित्याचा विषय नव्हे.

परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या व त्याच्या खारघर येथील संशोधनकेंद्राच्या वैद्यांनीं १११ रुग्णांचीं शस्त्रक्रियेपूर्वींचीं चित्रें १९ लक्षणांवरून तपासलीं. त्यांचा निबंध २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. गांठ जेथें उगम पावते तेथील खूण चित्रांत राहते. हेजहॉग गटाची गांठ बहुधा अनुमस्तिष्काच्या एका बाजूस असते. तिसरा व चौथा गट मध्यरेषेवर. शिरेंतून दिलेलें गॅडोलिनियमचें औषध चौथ्या गटाची गांठ पुष्कळदां फारच थोडें शोषते. या रीतीनें हेजहॉग गट उत्तम ओळखूं आला, चौथा बऱ्यापैकीं. तिसरा आणि विंट यांनीं मात्र परीक्षकांस चकविलें. म्हणून चित्र अनुमान देतें, निर्णय नव्हे. काढलेल्या गांठीच्या तुकड्याची परीक्षा करावीच लागते. तथापि जनुकपरीक्षा सर्वत्र होत नाहीं, आणि शस्त्रवैद्यास आधींच सावध करणारें अनुमानही मोलाचें आहे.

पालकांस एवढेंच सांगावयाचें : सकाळीं उठतांच डोकें दुखणें, ओकारी होणें, चालतांना झोंक जाणें, असें आठवड्यामागून आठवडे चालले तर पित्त म्हणून स्वस्थ बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. आणि एम्. आर्. आय्. झाल्यास अहवालाच्या कागदाबरोबर मूळ चित्रें व त्यांची तबकडीही जपून ठेवावी. मोठ्या रुग्णालयांतील वैद्य प्रथम तींच मागतात.