खिशातला खेळ

वाट पाहणे कोणास चुकलेले नाही. एस. टी.च्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, गिरणीत दळण टाकून पीठ होईपर्यंत, मनुष्यास काही काळ रिकामे बसावे लागते. आणि रिकामे बसणे त्यास फार वेळ साधत नाही. महाराष्ट्रातील काही लेण्यांच्या ओट्यांवर व जुन्या मंदिरांच्या फरशीवर खेळाचे पट आणि वाटोळ्या खळ्या कोरलेल्या आढळतात. ते कोरणाऱ्यांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. पण तेथे कोणीतरी पुष्कळ वेळ बसले होते आणि त्यास करमत नव्हते, एवढे तो दगड स्पष्ट सांगतो. हल्ली दगड कोरावा लागत नाही. खिशातून मोबाइल काढला, की पट मांडलेलाच असतो.

मोबाइलवरच्या खेळाची गोडी जगास लावली ती एका सापाने. १९९७ साली फिनलंडमधील नोकिया कंपनीने ६११० या क्रमांकाचा मोबाइल जाहीर केला. त्यावर एखादा खेळ असावा, असे ठरले आणि ते काम तानेली अर्मांटो या अभियंत्याकडे आले. त्यांच्या हाती साधन किती तुटपुंजे होते! पडदा आगपेटीहून फारसा मोठा नव्हता. त्यावर आडवे ८४ व उभे ४८, म्हणजे सारे मिळून ४,०३२ ठिपके. रंग नाहीत, चित्रे नाहीत. एवढ्या जागेत अर्मांटो यांनी काळ्या ठिपक्यांचा एक साप सोडला. वाढत जाणाऱ्या रेषेचा खेळ ही कल्पना नवी नव्हती. १९७६ साली अमेरिकेत तसा एक खेळ यंत्रावर निघाला होता. पण तो यंत्राजवळ जाऊन खेळावा लागे. हा साप मात्र माणसाबरोबर हिंडू लागला.

खेळ असा : २, ४, ६, ८ हे आकडे दाबून सापास चारी दिशांना वळवावयाचे आणि पडद्यावरचे भक्ष्य खाऊ घालावयाचे. प्रत्येक घासागणिक साप लांब होतो. भिंतीवर अथवा स्वतःच्या अंगावर तो आदळला, की खेळ आटोपला. सापास शत्रू कोणीच नाही. त्याची वाढ हाच त्याचा शत्रू. जो जितका चांगला खेळेल, त्याची वाट तितकी अरुंद. वेग वाढला म्हणजे हा खेळ फारच कठीण होतो, हे अर्मांटो यांच्या लक्षात आले. म्हणून साप भिंतीवर आदळण्यापूर्वी त्यांनी सेकंदाच्या अत्यल्प भागाइतका विलंब ठेवला. तेवढ्यात खेळणाऱ्यास दिशा बदलता येते आणि आपण थोडक्यात बचावलो, असे त्यास वाटते. ही दया दाखवली गेली आहे, हे खेळणाऱ्यास कळतही नसे. २००३ साली निघालेल्या नोकिया ११०० या स्वस्त मोबाइलबरोबर या सापाचा पुढचा अवतार भारतातील खेडोपाडी पोहोचला. दिवे गेल्यावर त्याच मोबाइलची विजेरी लावून लोक वाट काढीत, आणि दिवे येईपर्यंत साप खेळत.

२००८ सालानंतर बोटाने चालणारे मोठे पडदे घरोघरी येऊ लागले आणि एकट्याने बसून केलेला खेळही थोड्या दिवसांत जगभर जाऊ लागला. इटलीतील गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या तरुणाने मार्च २०१४ मध्ये आठवड्याच्या सुट्टीत ‘२०४८’ हा खेळ तयार केला. १६ घरांच्या पटावर सारखे आकडे एकमेकांत सरकवावयाचे. दोहोंचे चार, चारांचे आठ, असे करीत २०४८ पर्यंत जावयाचे. दोनाची केवळ १० वेळा दुप्पट केली, की हा आकडा येतो. परंतु केवळ दोन-दोनच मिळत गेले, तर त्यासाठी १,०२४ दुव्वे खर्ची पडतात. दुपटीचे सामर्थ्य पाठ्यपुस्तकाहून या पटावर लवकर पटते.

सगळे खेळ एकट्याचे नसतात. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ हा खेळ काढला. लुडो हे नाव इंग्लंडमधले. तेथे १८९६ साली त्याचे एकस्व घेण्यात आले. पण मूळ खेळ म्हणजे आपली कवड्यांची पचीसी. साहेबाने कवड्यांच्या जागी फासा आणला, आणि सव्वाशे वर्षे भटकून तीच सोंगटी काचेच्या पडद्यावर बसून घरी परतली. २०२० साली महासाथीमुळे सर्वत्र टाळेबंदी झाली, तेव्हा निरनिराळ्या गावी अडकलेली भावंडे, मामा-भाचे, आज्या व नाती एकाच पटाभोवती जमली. येथे फासा हाताने टाकीत नाहीत. दान किती पडावे हे संगणक ठरवतो. त्यामुळे हरणारा फाशावर आळ घेतो. शकुनीच्या काळापासून हा आळ चालत आला आहे. तेथे तो खरा होता, एवढेच.

आता ‘कँडी क्रश सागा’ या खेळाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. ‘किंग’ नावाच्या कंपनीने २०१२ साली तो काढला. एकाच प्रकारची तीन रंगीत मिठाया ओळीत आणल्या, की त्या नाहीशा होतात आणि वरच्या खाली घरंगळतात. खेळ फुकट आहे. पण त्याची रचना पाहण्याजोगी आहे. खेळणाऱ्यास ५ जीव मिळतात; हरला, की एक जातो. गेलेला जीव ३० मिनिटांनी परत येतो. पाचही गेले, तर पुरते जीव भरण्यास अडीच तास लागतात. ज्यास इतका धीर नाही, त्याने मित्राकडे जीव मागावा अथवा पैसे भरावे. म्हणजे वाट पाहण्याचा कंटाळा घालवण्यासाठी जो खेळ हाती घेतला, तोच आता वाट पाहावयास लावतो! शिवाय येथे सापासारखा शेवट नाही. एक पायरी चढली, की पुढची तयार. अशा पायऱ्या हजारोंनी आहेत आणि नव्यांची भर पडतच असते. पैसे भरणारे थोडे असले, तरी जग मोठे आहे. २०१६ साली एका अमेरिकन कंपनीने ‘किंग’ ही कंपनी विकत घेतली, ती सुमारे ५.९ अब्ज डॉलर देऊन. फुकटच्या मिठाईचा हा हिशेब प्रत्येक खेळणाऱ्याने एकदा तरी मांडून पाहावा.

अशा यशाचे ओझे एका माणसास सोसवले नाही, त्याची कथा वेगळी आहे. व्हिएतनामची राजधानी हनोई येथे राहणाऱ्या दोंग न्विन या तरुणाने २०१३ साली ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ काढला. तो करण्यास त्यांना दोन-तीन दिवस पुरले होते. पडद्यास बोट लावले, की एक गोबरा पक्षी पंख मारतो. हिरव्या नळांच्या फटींतून त्यास न्यावयाचे. नळास धक्का लागला, की डाव संपला. बहुतेकांचा पक्षी पहिल्या दोन-तीन नळांतच पडे आणि म्हणूनच मोबाइल खाली ठेववत नसे. २०१४ च्या जानेवारीत हा खेळ जगात अग्रभागी पोहोचला. जाहिरातींतून रोज सुमारे ५०,००० डॉलर मिळत असल्याचे न्विन यांनी एका मुलाखतीत सांगितले. पण पैशाबरोबर पत्रेही येऊ लागली. कोणाची नोकरी गेली होती. एक आई मुलांशी बोलेनाशी झाली होती. कोठे शाळकरी मुलांनी रागाने मोबाइल फोडले होते. लोक थट्टा करीत असतील, असे न्विन यांना प्रथम वाटले. मग त्यांना आपले शाळेचे दिवस आठवले. तेव्हा एका संगणकीय खेळाच्या नादाने त्यांनी स्वतःच्या परीक्षांचे वाटोळे केले होते. त्यांची झोप उडाली. ८ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी जाहीर केले, की २२ तासांनी हा खेळ मागे घेतला जाईल. आणि बोलल्याप्रमाणे तो घेतला. पैसे हात जोडून उभे असताना दार लावून घेणारे लोक थोडे असतात. जग मात्र हसले, चिडले, आणि तो खेळ आधीच घेतलेले जुने मोबाइल अवाच्या सवा किमतीस विक्रीला निघाले.

खेळ मागे न घेताही त्याला वेसण घालता येते, हे जॉश वॉर्डल यांनी दाखवले. पत्नीप्रमाणे ज्यांच्यासोबत ते राहत, त्या सहचारिणीस शब्दकोड्यांची आवड होती; तिच्यासाठी त्यांनी ‘वर्डल’ हा खेळ तयार केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांस खुला केला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. साऱ्या जगास तोच शब्द. आणि दिवसाकाठी एकच. सुटो अथवा न सुटो, पुढचा शब्द मध्यरात्र उलटल्यावर. तेव्हा जाहिराती नव्हत्या, जीव विकत मिळत नव्हते. नोव्हेंबरच्या प्रारंभी जेमतेम ९० माणसे हा खेळ खेळत होती. दोन महिन्यांत ती ३,००,००० झाली. जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने तो विकत घेतला. रोजच्या एका शब्दाचा नेम त्यांनीही मोडला नाही. मात्र २०२४ साली वर्गणीदारांसाठी मागील सारी कोडी खुली केली. ज्याचे एका शब्दावर भागत नाही, त्यास आता वर्गणी भरून शेकडो शब्द मागे जाता येते.