घटक ४ : मराठी टंकलेखन आणि ई-मेल

४.१ प्रास्ताविक

संगणक सुरू करणे, माउस हाताळणे आणि फाइल जतन करणे यांचा परिचय आपण करून घेतला आहे. प्रस्तुत घटकात मराठी मजकूर टंकलिखित करून तो ई-मेलने कसा पाठवावा, याचा विचार करावयाचा आहे. डहाणू रोड व तलासरी परिसरातील अनेक विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा नोकरीचे आवेदन भरण्यासाठी बाजारातील संगणक केंद्रावर अवलंबून असतात. त्यात पैसे खर्च होतात, हे दिसते. आपल्या नावाच्या ई-मेलची किल्ली दुसऱ्याकडे राहते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

४.२ अक्षर आणि संकेतांक

संगणक अक्षर साठवीत नाही. त्याचा अंक साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘अ’चा अंक २३०९, तर ‘क’चा २३२५ आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळालेला आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर डहाणूत, नाशिकला वा परदेशात सारखाच वाचता येतो.

‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकांची रीत निराळी होती. तेथे अंक रोमन अक्षराचाच राहत असे. टंक केवळ त्यावर देवनागरी आकार चढवीत असे. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे आपला अर्ज निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उघडतो. केंद्रचालकाकडून मजकूर टंकलिखित करून घेताना ‘युनिकोडमध्ये द्या’ एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे.

४.३ उच्चाराचा क्रम

विंडोजमध्ये मराठीसाठी ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक उपलब्ध असतो. त्यात स्वर व स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात. ‘एन’च्या कळीवर ‘ल’ उमटतो, शिफ्ट दाबून ‘ळ’. ‘सी’च्या कळीवर ‘म’, शिफ्टसह ‘ण’.

नवशिक्याची गल्लत होते ती पहिल्या वेलांटीपाशी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि हातही ती आधीच काढतो. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी द्यावी लागते, कारण तेथील क्रम आकाराचा नसून उच्चाराचा आहे. भाषाभ्यासकाला यात आनंद वाटावा, अशीच ही रचना आहे.

रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची सोय अधिक लोकप्रिय आहे. ती सुरुवातीस सोपी वाटते; परंतु तेथे ‘न-ण’ आणि ‘ल-ळ’ यांची निवड पुष्कळदा यंत्राच्या अंदाजावर सोपविली जाते. प्रमाण मराठीत हा अंदाज बहुधा बरोबर येतो. घरी वारली किंवा मांगेली बोलणाऱ्या विद्यार्थ्याने आजीचे शब्द टिपावयास घेतले, की यंत्र त्या शब्दांच्या जागी आपल्या ओळखीचे शब्द बसवू पाहते. बोलीच्या संकलनासाठी म्हणून इनस्क्रिप्टच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

४.४ दर्या आणि दऱ्या

डहाणूच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस डोंगर-दऱ्या आहेत. हे दोन शब्द कळफलकावरही वेगळे राखावे लागतात. ‘दर्या’मध्ये साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ येतो. ‘दऱ्या’साठी ‘जे’ची कळ शिफ्टसह दाबून ‘ऱ’ घ्यावा, ‘डी’च्या कळीने हलन्त द्यावा आणि मग ‘य’ लिहावा. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या रूपांतही हाच भेद आहे. निमंत्रणपत्रात तो चुकल्यास काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

४.५ ई-मेलचा पत्ता

ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह असते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली ते योजिले. चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीची ओळख आणि उजवीकडे सेवेचे नाव येते. मध्ये जागा सोडावयाची नसते.

खाते उघडताना मोबाइल क्रमांक मागितला जातो. परवलीचा शब्द विसरल्यास नव्याने प्रवेश देणारा संकेत बहुधा त्याच क्रमांकावर येतो. घाईत केंद्रचालकाचा क्रमांक दिला असेल, तर तो संकेत त्याच्याकडे जाईल; मुलाखतीचे पत्र येऊनही आपणांस ते उघडता येणार नाही. असे खाते असल्यास, प्रवेश आहे तोवर, सुरक्षेच्या विभागात जाऊन स्वतःचा क्रमांक नोंदवावा, मग परवलीचा शब्द बदलावा. सार्वजनिक संगणकावरून उठताना ‘साइन आउट’ करावे. केवळ खिडकी बंद करणे पुरेसे नाही.

पत्र पाठविताना विषयाची ओळ रिकामी ठेवू नये. जोडलेल्या फाइलला स्वतःचे नाव द्यावे. ‘डॉक्युमेंट १’ या नावाच्या फायली स्वीकारणाऱ्याकडे ढिगाने असतात.

४.६ कृती

१. घरातील वडीलधाऱ्यांकडून स्वयंपाक, शेती किंवा मासेमारीतील दहा बोलीशब्द ऐका. ते उच्चारानुसार युनिकोडमध्ये लिहा व प्रत्येकाचा अर्थ द्या.

२. ही फाइल ई-मेलने एका सहाध्यायास पाठवा. त्याने ती मोबाइलवर उघडून शब्द मोठ्याने वाचावेत. उच्चार कोठे बदलला, ते वहीत नोंदवा.