चिडवण्याची नावे आणि सूरह अल-हुजुरातची शिकवण



दिव्य कुरआनच्या ४९व्या सूरहमधील, म्हणजे सूरह अल-हुजुरातमधील, ११वी आयत आपण अनेकदा ऐकलेली आहे. तिचा आशय असा की, श्रद्धावंतांच्या एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये. ज्यांची थट्टा होते ते थट्टा करणाऱ्यांपेक्षा चांगले असण्याचा संभव आहे. स्त्रियांनाही हीच ताकीद वेगळा उल्लेख करून दिलेली आहे. एकमेकांना टोमणे मारू नयेत आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, असेही तिथे फर्मावले आहे. ईमान आणल्यानंतर अवज्ञेचे नाव लागणे ही फार वाईट गोष्ट होय आणि जे यापासून तौबा करीत नाहीत तेच अत्याचारी होत, अशा कठोर शब्दांत ही आयत संपते.

थट्टेसारख्या गोष्टीला एवढा कठोर शब्द का, असा प्रश्न आपल्या मनात येऊ शकतो. चोरी, व्याज, खोटी साक्ष यांना आपण पाप मानतो. परंतु शेजारच्या गावाला, दुसऱ्या जमातीला किंवा दुसऱ्या प्रांतातून आलेल्या माणसाला चिडवण्याचे नाव ठेवणे याला आपण गंमत समजतो. म्हणून या आयतीतील शब्दांकडे थोडे बारकाईने पाहू.

आयतीतील तीन शब्द

पहिला शब्द ‘कौम’, म्हणजे समूह. आयतीची सुरुवात व्यक्तीपासून न होता समूहापासून होते. एकटा माणूस सहसा दबकत थट्टा करतो. आपल्या मागे आपले गाव, आपली जमात, आपली भाषा उभी आहे असे वाटू लागले की त्याची भीड चेपते. चिडवण्याची बहुतेक नावे अशीच जन्माला येतात.

दुसरा शब्द ‘अन्फुसकुम’, म्हणजे तुम्ही स्वतः. टोमणे मारण्याची मनाई करताना ‘इतरांना’ असे न म्हणता ‘स्वतःला’ टोमणे मारू नका, अशी शब्दरचना आहे. भाष्यकारांनी याचा अर्थ असा सांगितला आहे की श्रद्धावंत हे एका देहासारखे आहेत. दुसऱ्याला लागलेला घाव आपल्यालाच लागतो.

तिसरा शब्द ‘तनाबुज’. अरबी व्याकरणानुसार या क्रियारूपात परस्परता असते. एकाने नाव ठेवायचे, दुसऱ्याने उलट नाव ठेवायचे, आणि हे दोन्ही बाजूंनी चालत राहायचे. चिडवण्याचे नाव एका बाजूला कधीच थांबत नाही, हे या एका शब्दातच आले आहे.

मोजमाप कोणाच्या हाती?

ही आयत कोणत्या प्रसंगी अवतरली यासंबंधी हजरत अबू जबीरा (रजि.) यांचे कथन सुनन अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये आले आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा बनू सलिमा या कबिल्यातील जवळजवळ प्रत्येकाला दोन-तीन नावे होती. प्रेषित (स.) एखाद्याला त्यांपैकी एका नावाने हाक मारीत, तेव्हा लोक सांगत की या नावाचा त्याला राग येतो. त्या पार्श्वभूमीवर ही आज्ञा आली.

येथे एक कसोटी हाती लागते. नाव वाईट आहे की नाही हे ठेवणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही. ज्याला ते ऐकावे लागते त्याच्या मनावर काय परिणाम होतो, यावरून ठरते. म्हणूनच प्रत्येक टोपणनाव निषिद्ध नाही. प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना प्रेमाने ‘अबू तुराब’, म्हणजे मातीवाला, म्हटले आणि हजरत अलींना ते नाव सर्वांत प्रिय होते. एका सहाबींना ‘जुल्-यदैन’, म्हणजे लांब हातांचे, या नावाने ओळखले जाई. हदीसच्या विद्वानांमध्ये ‘अल-आरज’ (लंगडा) आणि ‘अल-आमश’ (अधू दृष्टीचा) ही नावे केवळ ओळखीसाठी रूढ होती. ओळख पटवणे वेगळे आणि पाणउतारा करणे वेगळे.

‘पण या शब्दाचा अर्थ तर साधाच आहे’

चिडवणाऱ्याला हटकले की तो हमखास एक उत्तर देतो : या शब्दात वाईट काय आहे? त्याचा अर्थ तर साधाच आहे. या उत्तराचा विचार करण्यासाठी इस्लामी इतिहासातील दोन घटना आठवाव्या लागतात.

पहिली घटना बनू मुस्तलिकच्या मोहिमेतील आहे. परतीच्या वाटेवर मुरैसीअ नावाच्या पाणवठ्यावर एका मुहाजिराचे आणि अन्सारांपैकी एकाचे भांडण झाले. सहीह बुखारीत हजरत जाबिर (रजि.) सांगतात की मुहाजिराने अन्सारीला लाथ मारली. अन्सारीने अन्सारांना हाक दिली, मुहाजिराने मुहाजिरांना हाक दिली आणि लोक गोळा होऊ लागले. प्रेषितांनी (स.) ते ऐकून विचारले की ही अज्ञानकाळातील हाक कशासाठी? ही सोडून द्या, हिला दुर्गंधी येते, असे त्यांनी बजावले.

वाचकहो, इथे थोडे थांबा. ‘मुहाजिर’ आणि ‘अन्सार’ ही कोणी हिणवण्यासाठी ठेवलेली नावे नव्हती. ही दोन्ही नावे कुरआनने गौरवाने घेतली आहेत. एका नावात अल्लाहसाठी घरदार सोडल्याचा सन्मान आहे, दुसऱ्यात अल्लाहच्या धर्माला साहाय्य केल्याचा. इस्लामी समाजात याहून पवित्र नावे कोणती असतील? तरीही तीच नावे गट उभे करण्यासाठी वापरली गेली त्या क्षणी त्यांच्या हाकेला दुर्गंधी सुटली. शब्दाचा अर्थ साधा आहे, इतकेच काय, उदात्त आहे, हे कारण तिथे पुरेसे ठरले नाही.

त्या दुर्गंधीचा फायदा कोणी घेतला हेही पाहण्यासारखे आहे. दांभिकांचा पुढारी अब्दुल्लाह बिन उबई याने लगेच मक्केहून आलेल्या मुस्लिमांना ‘जलाबीब’, म्हणजे जाडेभरडे कपडे पांघरणारे, असे हिणवले, आणि मदीनेला परतल्यावर प्रतिष्ठित लोक हीन लोकांना बाहेर काढतील अशी भाषा केली. पाणवठ्यावरची एक लाथ काही घटकांत शहरातून हाकलून देण्याच्या धमकीपर्यंत पोहोचली. त्याचे हे बोलणे हजरत जैद बिन अर्कम (रजि.) या तरुण सहाबींनी ऐकून कळवले आणि सूरह अल-मुनाफिकूनमध्ये अल्लाहने त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली. प्रतिष्ठा ही अल्लाहची, त्याच्या प्रेषिताची आणि श्रद्धावंतांची आहे, हे तिथेच स्पष्ट करण्यात आले.

प्रेषितांनी (स.) त्या वेळी काय केले? त्यांनी एरवी प्रवास करीत नसत अशा वेळी कूच करण्याचा हुकूम दिला. तो दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत ताफा चालत राहिला. मुक्काम होताच लोक जमिनीला पाठ टेकून झोपी गेले. सीरतकार सांगतात की लोकांना त्या विषयावर बोलत बसण्यास सवड मिळू नये म्हणून असे केले गेले. वाद घालून आग विझत नाही. कधी कधी तिला मिळणारे सरपण काढून घ्यावे लागते.

दुसरी घटना हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील. हुतैआ नावाचा एक निंदाकवी होता. त्या काळी एका कबिल्याच्या कवीने दुसऱ्या कबिल्याची निंदा करावी आणि ती निंदा पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहावी, असा प्रकार चाले. हुतैआने जिब्रिकान बिन बद्र या सरदाराविषयी कविता केली. वरवर पाहता तिच्यात एवढेच होते की, तुम्ही धावपळ करू नका, तुमच्या खाण्यापिण्याची आणि कपड्यांची सोय झालेली आहे. तक्रार आली तेव्हा हजरत उमर म्हणाले की यात मला निंदा दिसत नाही. परंतु त्यांनी तिथेच निकाल दिला नाही. काव्याची जाण असलेल्या हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांना त्यांनी विचारले, आणि हा साध्या निंदेहूनही मोठा घाव आहे, असे मत मिळाले. ज्या समाजात पुरुषार्थ औदार्यात मानला जाई तिथे सरदाराला ‘तू बसून खा’ म्हणणे म्हणजे त्याची सरदारकीच नाकारणे होते. हुतैआला कैद झाली. पुढे मुलाबाळांची दया येऊन त्याची सुटका करताना, मुस्लिमांच्या अब्रूला त्याने हात लावू नये म्हणून हजरत उमर यांनी त्याला तीन हजार दिरहम दिले, असे इतिहासकार नमूद करतात. खलीफाने लोकांची अब्रू जणू विकत घेऊन सुरक्षित केली.

या दोन घटनांतून एकच गोष्ट समजते : शब्दकोशातील अर्थ निरपराध असला तरी शब्दाचा वापर अपराधी असू शकतो.

आपल्या अंगणात

आता ही कसोटी घेऊन आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. ‘घाटी’ या शब्दाचा अर्थ काय? सह्याद्रीच्या घाटावर राहणारा. यात कमीपणाचे काहीच नाही. परंतु कोकणात आणि मुंबईत हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे आपण सर्व जाणतो. अडाणी, गबाळा, रीतभात नसलेला असा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत कोंबला जातो. मौज अशी की मुंबईत इतर भाषकांनी हाच शब्द सरसकट मराठी कष्टकऱ्यांसाठी वापरला, आणि त्यातून कोकणी माणूसही सुटला नाही. जो बाण आपण घाटावर सोडतो तो वळून आपल्याच अंगणात पडतो. हाच ‘तनाबुज’.

‘भय्या’ या शब्दाचे तर ‘मुहाजिर’ आणि ‘अन्सार’प्रमाणेच झाले. भय्या म्हणजे भाऊ. उत्तर भारतात हे आदराचे आणि मायेचे संबोधन आहे. पोटासाठी दूरवरून आलेल्या माणसाला ‘भाऊ’ म्हणण्यापेक्षा चांगले काय असू शकते? पण आपल्या शहरांत तोच शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो. भाऊपणाचा शब्द परकेपणासाठी वापरणे याहून मोठी शोकांतिका नाही.

आपल्या समाजातही पाहा. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, खाटीक ही व्यवसायांवरून आलेली नावे हलाल कष्टाची साक्ष देतात. तरीही लग्नाची बोलणी निघाली की यांतलेच एखादे नाव नाक मुरडून उच्चारले जाते. कोकणी बोलणारे कुटुंब दखनी बोलीची नक्कल करून हसते, दखनी बोलणारे कुटुंब कोकणीची. आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुस्लिमाच्या उर्दू उच्चारांवर दोघेही हसतात. याच सूरहच्या १३व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की कुळे आणि कबिले परस्पर ओळखीसाठी आहेत आणि अल्लाहजवळ अधिक प्रतिष्ठित तो, जो अधिक ईशपरायण आहे. मग आपले कोकणी, दखनी किंवा बागवान असणे लपवण्याची गरज नाही. त्याची उतरंड रचण्याची मात्र मनाई आहे.

आपल्याला कोणी हिणवले तर?

याचे मार्गदर्शनही प्रेषितांच्या (स.) घरातच मिळते. उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यांना ‘यहुद्याची मुलगी’ असे म्हटले गेले तेव्हा त्या रडू लागल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना उलट टोमणा शिकवला नाही. त्या एका पैगंबराच्या वंशातील कन्या आहेत, त्यांचे चुलते पैगंबर होते आणि त्या स्वतः पैगंबराच्या पत्नी आहेत, याची त्यांनी आठवण करून दिली. ज्या वंशावरून टोमणा मारला गेला त्याच वंशातील सन्मान त्यांनी पुढे ठेवला. टोमणा मारणाऱ्यांना अल्लाहचे भय बाळगण्याची समज दिली. शाळेतून रडत आलेल्या मुलाला आई-वडिलांनी हेच शिकवावे : तुझे गाव, तुझी बोली, तुझ्या आजोबांचा व्यवसाय सन्मानाचा आहे, उलट शिवी देऊन तो वाढणार नाही.

हा नियम मुस्लिमेतर शेजाऱ्यांनाही लागू आहे. सूरह अल-अनआमच्या १०८व्या आयतीत इतरांच्या पूज्य दैवतांनाही अपशब्द वापरण्यास मनाई आहे, कारण ते शत्रुत्वाने उलट अल्लाहला अपशब्द वापरतील. दुसऱ्याच्या पित्याला शिवी देणारा वास्तविक आपल्याच पित्याला शिवी देववतो, असा हदीसचा आशय आहे.

तौबेची रीत

आयतीच्या शेवटी तौबेचा उल्लेख आहे. त्याचा नमुना हजरत अबूजर (रजि.) यांनी घालून दिला. रागाच्या भरात त्यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, ते हजरत बिलाल (रजि.) होते असे सांगितले जाते. तुमच्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, अशा अर्थाच्या शब्दांत प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले आणि हाताखालचे लोक आपले भाऊ आहेत, त्यांना आपल्यासारखेच खाऊ-पिऊ व लेवू घालावे, अशी शिकवण दिली. पुढे रबजा येथे लोकांनी पाहिले, तेव्हा हजरत अबूजर आणि त्यांचा गुलाम यांच्या अंगावर सारखाच पोशाख होता. जिभेने केलेल्या अपराधाची भरपाई त्यांनी आयुष्यभर आपल्या कृतीने केली.

आपणही आज घरात बसून एवढे करावे. आपल्या कुटुंबात कोणकोणती नावे गंमत म्हणून वापरली जातात ती आठवावीत, आणि ती ज्याच्यासाठी वापरतो तो माणूस दारात उभा असताना आपण तीच नावे त्याच स्वरात उच्चारू शकू का, हे स्वतःला विचारावे. जे नाव उच्चारता येणार नाही ते सोडून द्यावे. मुलांसमोर तर ते मुळीच उच्चारू नये. चिडवण्याची नावे मुले घरातच शिकतात. ज्याचे मन दुखावले त्याची क्षमा मागावी आणि त्याला त्याच्या आवडत्या नावाने हाक मारावी.

अल्लाह आपल्या जिव्हांना शुद्ध करो, आपली अंतःकरणे जोडो आणि एकमेकांच्या अब्रूचे रक्षण करण्याची सुबुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.